तुटलेला कोंब

गच्चीवर बांबू आणि प्लास्टिक लावून मी जे उभं केलं आहे, त्याला मी हरितगृह म्हणतो आणि माझी बायको सुमन ‘तुमचा तंबू’ म्हणते. आत उबेची काही सोय नाही. थंडीत तेही माझ्यासारखंच कुडकुडतं. तिथे मटार कुणी न बघता रुजले. स्वीट पी या फुलवेलीचं मात्र अवघड होतं. सुमनच्या बहिणीने पाठवलेल्या बिया कुजल्या, एकच उरली. ती मी रोज कुंडीतली माती उकरून पाहत होतो.

“अहो, सारखं झाकण काढून भात शिजतो का?” सुमन म्हणाली होती.

आज उकरताना पांढरा कोंब दिसला आणि माझ्याच नखाने तुटला. आपण जिला काळजी म्हणतो, तिच्यात खात्री करून घेण्याची हाव किती असते, कोण जाणे. मटारचं नशीब चांगलं. त्यांच्यावर माझा जीव नव्हता.

इतक्यात सुमन वर आली. “काही दिसतंय का?”

“नाही अजून,” म्हणत मी तुकड्यावर माती सारली.

“थंडी आहे हो. येईल,” ती म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी तिने हलक्या हाताने त्या कुंडीत घातलं.