आवाज बंद केलेली शर्यत

आमच्या भावकीत गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारशाला, लग्नाला, अगदी दहाव्यालासुद्धा माणसं जेवून सुस्तावली की कुणीतरी म्हणतं, ह्याला सुरू करा. मी सुरू होतो. गोष्ट ऐन रंगात आली की थांबतो, पाणी मागतो आणि समोरचे ताणलेले चेहरे बघत हळूहळू पितो. एवढ्या एका खोडीवर मी पन्नाशी गाठली. दुसरं काही येत नाही.

म्हणूनच थोरल्या भावाचं शेंडेफळ पाचवीत गेलं तरी अक्षराला अक्षर लावत वाचतंय, हे कळल्यावर वहिनींनी पोरीला माझ्या गळ्यात घातलं. वर्गात उभं राहून धडा वाचायचा दिवस आला की तिच्या पोटात दुखायचं. सोंग नव्हतं ते, दोनदा ओकली होती. बाई रागवत नसत, पण पोरं हसत.

"तिला चारचौघांत वाचता आलं पायजे, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तुमी तेवढं करा, बाकीचं शाळा बघल."

मी सूसला सोसायटीत राहतो. शनिवार धरून मुठ्याला, गावी भावाच्या घरी जायचो. पहिले तीन शनिवार गोष्टीची पुस्तकं नेली. चौथ्या शनिवारी ती पुस्तकं टीव्हीच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सापडली. टेबल मात्र पहिल्यांदाच हलत नव्हतं.

पोरगी सारा दिवस मोबाईलवर बैलगाडा शर्यतीची रिळं बघायची. कुठल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, कुणाचे बैल पहिले आले, बैलांपुढं पळणारी घोडी कुणाची होती, सगळं तोंडपाठ. मला युक्ती सुचली. शर्यतीचा व्हिडिओ लावला, आवाज बंद केला आणि माईकवरच्या निवेदकाचं बोलणं जाड अक्षरात कागदावर लिहून तिच्या हातात दिलं. म्हटलं, बैल मुके पळतायत, आता निवेदक तू.

ती लगेच उभी राहिली. पाठ्यपुस्तकासाठी कधी राहिली नव्हती.

"आ... ता... घा..." तिनं सुरुवात केली. बैल सुटले, घाट चढले, निशाण पडलं, धुरळा बसला, बैल सावलीला नेऊन बांधले, तरी हिचं अजून 'घा... टा...' चाललेलं. मी हे मोबाईलवर टिपत होतो आणि हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तीही हसत होती, असं मला आठवतं. तसं आठवणं माझ्या सोयीचं आहे.

पण युक्ती लागू पडली. आधी व्हिडिओ संथ करून, मग थोडा जलद, मग खऱ्या वेगानं. दोन महिन्यांत तीच नवे कागद मागायला लागली. एका शनिवारी तिनं अख्खी बारी, बैल सुटल्यापासून निशाण पडेपर्यंतची एक धाव, बैलांबरोबर वाचली, न अडकता, निवेदकासारखा श्वास घेत. तेही मी टिपलं. बाईंना दाखवू का, तिनं विचारलं. मी म्हटलं, आधी भावकीला दाखवू.

दोन्ही व्हिडिओ जोडून ग्रुपवर टाकले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी पडलो गोष्टीवाला. मी फक्त पहिला टाकला, अडखळणारा. खाली लिहिलं, 'पुढं काय झालं? उद्या सकाळी.'

सकाळपर्यंत कुणीतरी त्याला डीजेचा ठेका जोडून रीळ केलं होतं. 'घा-घा-घा'वर बैल पुन्हा पुन्हा सुटत होते. ते भावकीतून गावात, गावातून साऱ्या मुळशीत गेलं. मी नऊ वाजता दुसरा व्हिडिओ टाकला. त्याला दोन अंगठे आले. एक वहिनींचा, एक माझा.

शाळेत पोरं तिला घाघा म्हणायला लागली. मी म्हटलं, आठ दिवसांत विसरतील. मग आमच्या गावच्या उरसाची शर्यत आली. आम्ही तिचं मन वळवून तिला नेलं. दोन बाऱ्यांच्या मधे बैल जुंपेपर्यंत निवेदकाला वेळ काढायचा होता. त्यानं माईक तोंडाजवळ घेतला आणि तिच्या आवाजात सुरू केलं, "आ... ता... घा..." पुढचं लोकांनीच पुरं केलं, दोन्ही अंगांनी. नक्कल उत्तम होती. ती पोर इथंच बसलीय, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि त्याचा मंडप वीस पावलांवर होता. मी खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसलो. पोरगी रडली नाही. घरी जाऊ, एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी नवा कागद घेऊन गेलो. वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. पोरीनं कागद घेतला नाही. मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"बसा, काका. आज मी वाचते."

तिनं रिळाखालचे शेरे उघडले आणि वाचायला लागली. 'हिला जुंपा आणि बैलांना वाचायला द्या.' 'ही पास होईपर्यंत बैल म्हातारे होतील.' 'असली लेक असली तर बाप शाळेपुढनं कसा जात असंल.' एकही अक्षर अडलं नाही. सलग, ठसठशीत, जिथं थांबायचं तिथं थांबून. मी म्हटलं, बास कर बाळा. तिनं मान वर केली नाही.

मग ती थांबली.

"ह्यात अक्षर न्हाई. नुसती तोंडं हायेत. तीन. हसत्यात." तिनं मोबाईल माझ्याकडे फिरवला. "तुमची हायेत, काका."

खरंच माझी होती. त्या पहिल्या सकाळी, एवढी माणसं बघतायत म्हणून खुशीत टाकलेली. विसरून गेलो होतो.

आत तव्यावरची भाकरी उलटल्याचा आवाज आला. शब्द तिथवर पोचत नव्हते, नुसती लय पोचत होती.

"काय वाचतीया ओ भावजी," वहिनी आतूनच म्हणाल्या, आवाज भरून आला होता. "थांबवू नका तिला. वाच, बाय, अजून वाच."

पोरीनं माझ्याकडे बघितलं, बोटानं पडदा वर सरकवला आणि पुढचा शेरा वाचायला घेतला.