खिशातली मुंबई

मालवणच्या किनाऱ्यावरून होडी आगबोटीकडे निघाली, तशी आई घोटाभर पाण्यात शिरून ओरडली, “थंय तुजा आसा कोण? चुकलंस तर कानाखाली मारतलो कोण?” मी हसलो. मी काय चुका करायला मुंबईला चाललो होतो?

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यामागून आलेल्यांनो, ऐका मग.

लालबागेत गिरणीत वायरमन झालो. पुढे संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. चाळीजवळच्या पुलाखाली, आमच्या शेजारच्या शेवंताआक्कांचा तरणा मुलगा पोलिसांची गोळी लागून गेला. आक्का साताऱ्याकडच्या, माझ्या ना गावच्या, ना नात्याच्या. त्यानंतर त्या पुलावर कधी चढल्या नाहीत.

महाराष्ट्र झाला. चाळीने ठरवलं, पुलाच्या कठड्यावर दिव्यांचा नकाशा करायचा आणि बटण आक्कांनीच दाबायचं. फार विनवण्यांनी त्या हो म्हणाल्या. “वायरिंग माझ्याकडे,” मी छाती काढून सांगितलं. सगळे दिवे पिवळे, मुंबईचा तेवढा लाल. गिरणीच्या रंगखात्यातला रंग सरसात कालवून तो मीच रंगवला.

दिवेलागणीला खाली रस्ता माणसांनी भरला. आक्कांनी मान खाली घालूनच बटण दाबलं. नागपूर उजळलं, पुणं उजळलं, कोकणसुद्धा उजळलं. मुंबई काळीच!

मग खालून एकजण ओरडला, “वायरमन, मुंबई कुणाला देऊन आलास रे?”

‘मुंबईसह’ म्हणून वर्षानुवर्षं घसे फोडलेली माणसं ती. मला दरदरून घाम फुटला. बटण बंद करायचंही न सुचता मी कठड्याबाहेर लोंबकळून वायरी चाचपू लागलो. तेवढ्यात आक्कांनी मान वर केली आणि त्या किंचाळल्या, “आरं, लागलं! पोराला लागलं!”

माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीशी, लाल डाग पसरत होता. आक्कांनी मला धरून आत खेचलं, डागावर तळवा दाबला. हाताला टणक लागलं.

खिशात मुंबई होती. रंग नीट वाळला नव्हता, म्हणून शेवटी लावायला मीच ठेवलेली. घामाने सरस विरघळला होता.

आक्कांनी दिवा बाहेर काढला, पाहिला आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की खालच्या गर्दीलाही ऐकू गेली. “मुडद्या, जीव गेला असता माझा! लाव ती!”

लावली. मुंबई पेटली, जरा फिकट. खाली गजर उठला. आक्का पहिल्यांदाच पुलाखालच्या त्या जागेकडे पाहत उभ्या राहिल्या. मुठीतला माझा सदरा मात्र त्यांनी सोडला नाही.

आता पुलांवर कॉम्प्युटर दिव्यांचे रंग बदलतो म्हणे. मी बघायला जातो आणि आधी खिसे चाचपतो.

मुंबई पेटली त्याच आठवड्यात आईला पत्र टाकलं होतं. पूल नाही, नकाशा नाही, एवढंच लिहिलं: “आये, काळजी करू नको. कानाखाली मारूक हंय माका एक आक्का गावली.”