हरलेल्यांचा फोन

आमच्या पानावर बावीस वर्षं एकच चूक छापून येत होती आणि ती मला दाखवली सोळा वर्षांच्या एका पोरीने. अजून आठवलं की कान तापतात.

मी एका दैनिकात खेळाचं पान बघतो. बघतो म्हणजे खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकतो. मैदानावर पाय ठेवून कैक वर्षं झाली. शनिवारी शाळांचे आणि क्लबांचे सामने होतात, प्रशिक्षक फोनवर निकाल सांगतात, आम्ही ते लिहून घेतो आणि रविवारी छापतो.

ती मंगळवारी आली. शाळेचं फर्मान होतं, दोन आठवडे कुठेतरी काम करा आणि तिथलं पत्र आणा. पत्र मिळालं नाही तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायचं, असं घरी ठरलं होतं. हे सगळं तिने बसायच्या आधीच सांगून टाकलं. शाळेच्या फुटबॉल संघाची ती गोलकीपर होती आणि मैत्रिणी तिला चाळणी म्हणत.

"का गं?"

"काही अडतच नाही म्हणून."

मला हसू आलं, पण मी ते आवरलं. आमच्याकडे पोरासोरांना घेत नाहीत, असं सांगून मी मान खाली घातली. ती हलली नाही. दप्तरातून तिने रविवारचा अंक काढला आणि माझ्या चहाच्या कपाशेजारी पसरला.

"सर, इथे सहा सामने आहेत. गोल कोणी केला ते आहे, पास कोणी दिला तेही आहे. हरलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही."

"अगं, जिंकतो तो फोन करतो. हरलेला कशाला करेल?"

"मग तुम्ही का नाही करत?"

मला रागच आला. प्रश्न बरोबर असला की मला राग येतो, हा माझा जुना आजार आहे. मी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. "कर तूच. कोणी बोललं तर राहा, नाहीतर मामाचं दुकान आहेच."

पहिल्या प्रशिक्षकाने फोन आपटला. दुसऱ्याने विचारलं, जखमेवर मीठ चोळायचा पगार मिळतो का तुम्हाला? तिसऱ्या बाई होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मॅडम, आम्ही शनिवारी सात गोल खाल्ले. तुम्ही तर चारच." पलीकडून हसू आलं आणि मग त्या बाई वीस मिनिटं बोलत होत्या. त्यांच्या एका खेळाडूच्या बुटाचा तळ सुटला, तेव्हा तिने तो दोरीने बांधून उरलेला सगळा सामना काढला होता. जिंकलेल्यांनी हे आम्हाला कशाला सांगितलं असतं?

मी ते पानाच्या तळाला छापलं आणि त्या कोपऱ्याला 'पडती बाजू' असं नाव दिलं. दोन दिवसांत चाळणीने स्वतःचे नियमही केले. हरलेल्याचं नाव पूर्ण लिहायचं. कीव करायची नाही. दोघांनी दोन आकडे सांगितले तर कमी असेल तो छापायचा. हे तिने कागदावर लिहून माझ्या डोक्यामागे भिंतीला चिकटवलं. मला न विचारता, अर्थात.

आठवड्याभरातच ती म्हणाली, "सर, पत्र नाही दिलंत तरी चालेल. मला शनिवार द्या. दर शनिवार."

"बघू," मी म्हणालो. आमच्या कचेरीत बघू म्हणजे नाही. तिलाही ते कळलं असावं, पण तिने पुढचा नंबर फिरवला.

दुसऱ्या शनिवारी तिचा स्वतःचा सामना होता. चारच्या सुमारास ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन आली, घटाघटा पाणी प्यायली आणि निकालांची यादी पुढ्यात ओढली. त्या दिवसाचा सगळ्यात मोठा पराभव तिच्याच शाळेचा होता, नऊ-शून्य.

"आज तुमचा सामना राहू दे," मी म्हणालो.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून? नको सर." तिने फोन उचलला. "नमस्कार मॅडम, पेपरातून बोलतेय. आजच्या सामन्याबद्दल दोन मिनिटं?"

त्यांच्या खेळाच्या बाईंचा आवाज मला टेबलापलीकडूनही ऐकू आला. "अगं, आत्ता माझ्याबरोबरच बसमधून उतरलीस ना?"

"हो मॅडम. गोलकीपरचं पूर्ण नाव?"

बातमी माझ्यापुढे ठेवून ती तोंड धुवायला गेली. मी वाचली. पहिला गोल गोलकीपरच्या हातून निसटला. चौथ्याच्या वेळी ती जागेवर नव्हती. नवव्याच्या वेळी बसली होती. कीव न करण्याचा नियम तिने स्वतःला फारच कडक लावला होता. मी फोन ओढला आणि बाईंना लावला. हरलेल्यांना केलेला माझा आयुष्यातला पहिला फोन.

"चौदा अडवले तिने," बाई म्हणाल्या. "वहीत खुणा केल्यात मी."

मी एक ओळ वाढवली. चाळणी परत आली, तिने वाचलं आणि भडकली. "हे कोणी घातलं? दया आली म्हणून?"

"बाईंनी सांगितलं."

"आमच्या बाई आमचंच कौतुक करणार. समोरच्यांना विचारलंत?"

नव्हतं विचारलं. निमूटपणे जिंकलेल्यांच्या प्रशिक्षकांना फोन लावला. "ती पोरगी?" ते म्हणाले. "सोळा अडवले. शेवटी आमची पोर रडकुंडीला आली, साहेब."

"चौदा आणि सोळा," मी म्हणालो.

"कमी छापायचा," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. तिचे कान लाल झाले होते. मी चौदा छापले, तिच्या पूर्ण नावासकट.

सोमवारी पत्र दिलं. शनिवारबद्दल तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा बघू म्हणालो. तिचं वय, कचेरीचे नियम, संपादकबाईंची सही, मी सगळी कारणं सांगितली आणि त्यातलं एकही खरं कारण नव्हतं. माझं पान एका पोरीला माझ्यापेक्षा चांगलं कळलं, हे मला झोंबत होतं. ती "थँक्यू सर" म्हणाली आणि गेली. भिंतीवरचा कागद तसाच राहिला.

पुढच्या शनिवारी साडेतीनलाच फोन वाजला, एकाही विजेत्याचा आला नव्हता तेव्हा. आवाज ओळखीचा होता. पहिल्या दिवशी फोन आपटणारे तेच प्रशिक्षक.

"ती पोरगी आहे का? आम्ही हरलोय, पाच-एक. नावं घ्यायची होती ना तिला?"

"सांगा, मी लिहून घेतो."

"तुम्ही नको. तिलाच सांगणार."

अर्ध्या तासाने करा म्हणून मी फोन ठेवला आणि तिच्या घरी लावला. तिच्या आईने उचलला. त्या दिवशी शाळेचा सामना नव्हता, पोरगी घरीच होती.

"चाळणी, तुझा फोन आलाय," मी म्हणालो. "हरलेल्यांचा. ये लवकर."

"आजच्यापुरतं, सर?" तिने विचारलं.

"दर शनिवारी," मी म्हणालो आणि संपादकबाईंची सही आणायला जिना चढलो.