मामाने वाढवलेला उजेड

माझा मामा चित्रपटगृहात ऑपरेटर होता. प्रेक्षकांच्या पाठीमागे, वरच्या कोंदट खोलीत यंत्रापाशी उभा राहणारा माणूस. पडद्यावर काय चाललंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसे. ते कसं दिसतंय, एवढंच तो पाही. यंत्रात कार्बनच्या कांड्या जळायच्या तेव्हापासून तो त्या खोलीत. कांडी जराशी सरकली की पडदा पिवळा पडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. "माझ्या खेळाला कधी शिट्टी वाजली नाही," असं तो सांगे आणि वर म्हणे, "म्हणजे माझ्यासाठी नाही. नटीसाठी वाजल्या असतील."

थिएटर बंद पडलं, तिथे फर्निचरचं दुकान झालं आणि मामा घरी बसला. घरी बसलेला मामा म्हणजे मामीच्या डोक्याला ताप. नीट चाललेलं घड्याळसुद्धा तो खोलून बसे. शेवटी त्यांच्या मुलीने, माझ्या मामेबहिणीने, घरी सिनेमा बघायचा प्रोजेक्टर आणून दिला. लहानशा पेटीएवढं यंत्र. मामाने ते छताला टांगलं, समोरची भिंत पांढरी रंगवून घेतली आणि खिडकीला जाड पडदे शिवायला मामीला बसवलं. ते शिवताना मामी सुईत दोरा ओवायला बराच वेळ झटत होती. हे त्याला पुढे फार आठवलं.

संध्याकाळी दोघं सिनेमा बघू लागली. मामी पहिल्यांदा म्हणाली, "अहो, जरा अंधुक नाही वाटत?" तेव्हा मामा खूशच झाला. यंत्र गप्प चाललं असतं तर त्याला करायला काय उरलं असतं? दिवा कमी विजेवर चालवायची सोय त्यात होती, ती त्याने काढून टाकली. दिवा पूर्ण उजेडावर आला, आतला पंखा घरघरायला लागला. मग त्याने ब्राइटनेस वाढवला. त्यामुळे काळा रंग राखाडी होतो आणि चित्र धुवून काढल्यासारखं दिसतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवला, रंग थोडे गडद केले, जाळीतली धूळ ब्रशने झाडली.

"आता?"

"आता बरंय. पण कडेला अजून काळोखच आहे."

कडेला काळोख म्हणजे यंत्र वाकडं, असं त्याने ठरवलं. तो स्टुलावर चढला, यंत्र सारखं केलं, चारी कोपरे पट्टीने मोजले. कोपरे चोख होते. तरी पुढच्या सिनेमाला मामीने विचारलंच, "आत्ता बोलला तो कोण? कुठे उभा आहे?" माणूस पडद्याच्या उजव्या बाजूला धडधडीत उभा होता.

मामाने नवा दिवा मागवला. तो बसवल्यावर त्याने आम्हाला सगळ्यांना बोलावलं. मीही गेले होते. चित्र इतकं लख्ख होतं की माझे डोळे दिपले. सगळ्यांनी वाहवा केली. मामी तेवढी मान किंचित वाकडी करून, काहीतरी शोधत असल्यासारखी भिंतीकडे बघत राहिली. "मला काही फारसा फरक वाटत नाही, बाई," ती मला म्हणाली. हळूच म्हणाली, पण मामाने ऐकलं.

"तुला आयुष्यात कधी काही पसंत पडलंय?" तो सगळ्यांसमोर ओरडला. "गावाने माझं चित्र नावाजलं आणि हिला घरात बसून खोड्या काढायच्या आहेत!"

पडद्यावरची माणसं तेवढी बोलत राहिली. मामीने पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "छान आहे हो. खरंच छान दिसतंय."

त्यानंतर ती रोजच छान म्हणू लागली.

मामाच्या मनाला जे आजही कुरतडतं ते हे ओरडणं नाही. ओरडणं आमच्यासमोर झालं, त्याची माफी त्याने केव्हाच मागून टाकली. दुसरी गोष्ट त्याने आमच्यापैकी फक्त मला सांगितली. रंग तपासायला त्याने एकदा नुसता कोरा पांढरा पडदा लावला होता. खोलीत उजेडच उजेड. मामी चहा घेऊन आली आणि कप टेबलावर ठेवायला गेली तर तो टेबलाच्या बाहेर, सरळ हवेत ठेवला. कप फुटला. तिने घाबरून मामाकडे पाहिलं. पण तो उभा होता त्याच्या जरा बाजूला पाहिलं.

"तेव्हा मला कळलं होतं गं," मामा म्हणाला. "चित्रात काही नाही, हिच्या डोळ्यात आहे, हे मला तिथंच कळलं. आणि मी काय केलं? फडकं आणून चहा पुसला आणि परत रिमोट हातात घेतला. चित्र मला दुरुस्त करता येतं ना! डोळे कुठे येतात?"

मुलीने फोनवर विचारलं होतं, "बाबा, आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत का?" तेव्हा, "नंबर वाढला असेल, नेऊ सावकाश," असं म्हणून त्याने विषय बदलला. असे कित्येक महिने गेले. मामी बाजाराच्या रस्त्यावर उजवीकडून आलेल्या सायकलला धडकून पडली, मनगट मोडलं, तेव्हा कुठे तिचे डोळे तपासले गेले.

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी सांगितलं की डोळ्यातला दाब वाढतो, नस हळूहळू सुकते, नजर कडेकडून आत आत मिटत येते. दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घातले तर उरलेली राखता येईल.

"आधी आणलं असतं तर?" मामाने विचारलं.

"तर जास्त राखता आली असती," बाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलता आलं नाही आणि मामालाही तेच ऐकायचं होतं.

घरी आल्यावर त्याने मामीला कपाची गोष्ट सांगितली. तिच्या पायाशी बसून सांगितली. मामीने प्लास्टरवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला काय कळत नव्हतं? मीही भ्यालेच होते. तुम्ही दिवा बदलत होता तोवर मला वाटायचं, असेल, दिव्याचाच दोष असेल."

"पण तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही."

"नाही ऐकलंत," ती म्हणाली. त्याला हेच हवं होतं की नको होतं, हे त्याला अजून सांगता येत नाही. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला असता तर बरं झालं असतं; तिने ठेवला नाही. उठून ती कणीक मळायला गेली, तर मनगटामुळे जमेना. मग ती त्यानेच मळली आणि इतकी सैल केली की मामीला हसू आवरेना.

डॉक्टरीणबाईंनीच सुचवलं की चित्र मोठं नको, लहान करा. मधल्या उरलेल्या नजरेत सगळं मावेल. मामाने यंत्र पुढे घेतलं आणि भिंतभर चित्र खिडकीएवढं केलं. मामीची खुर्ची मागे सरकवली. दिवा पुन्हा कमी उजेडावर आणला, कारण तिला झगमगाट टोचत होता; ब्राइटनेस उतरवून काळं पुन्हा काळं केलं. या वेळी प्रत्येक खटक्याला तो थांबायचा आणि ती "नको" म्हणाली की वाद न घालता मागे घ्यायचा. शेजारी विचारतात, एवढी भिंत रंगवलीत आणि चित्र रुमालाएवढं? मामा खरं ते सांगून टाकतो. ऐकणारे अवघडतात, पण तो थांबत नाही.

हा आजार घराण्यात उतरू शकतो म्हणून मुलीचेही डोळे तपासले. तिचाही दाब वाढलेला निघाला, पण नस शाबूत होती, वेळेत कळलं. आम्हाला वाटलं, आता तरी त्याचं ओझं हलकं होईल. झालं नाही. "मुलीला ताबडतोब पाठवलं," तो मला म्हणाला, "म्हणजे मला घाई करता येत होती."

आता मामीला तपासणीला नेलं की बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांना तो गाठतो. "बायकोला आणलंय का? दाब मोजलाय का?" कुणी कौतुकाने उत्तर देतं, कुणी तोंड फिरवतं. मागच्या खेपेला एक गृहस्थ चिडून म्हणाले, "आजोबा, मी चष्म्याची काडी बसवायला आलोय." मामीने मामाची बाही ओढली आणि त्याला खाली बसवलं. तो बसला, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या बाकाकडे बघायला लागला.