डॅनियलच्या नावाची मूठ

‘‘कोना घरना रे तू?’’

कॉलेजात आलेल्या नव्या विद्यार्थ्याला सर पहिला प्रश्न हाच विचारत. गाव नाही, मार्क नाहीत, वडिलांचा धंदा नाही; तू कोणाच्या घरचा, एवढंच. तेही अहिराणीत, आणि त्याचं मनगट घट्ट धरून. मुलगा बंगाली असो की बडोद्याचा, त्याला प्रश्न कळत नसे, पण मनगट सुटत नसे म्हणून तो काहीतरी उत्तर देई. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जो ओळख करून घेत नाही, थेट ताब्यात घेतो.

सुरतेच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सर कापडाचं तंत्र शिकवायचे. मूळचे धुळ्याकडचे. त्यांची सगळी भाऊबंदकी सुरतेच्याच लिंबायत वस्तीत, मागावर कामाला. शिकून प्राध्यापक झालेले हे एकटेच. मी साताऱ्याची, प्रवेश विभागात कारकून. क्वार्टर्समध्ये आमची आणि त्यांची भिंत एकच. सरांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, फोडणीत किती लसूण पडला हे मला माझ्या ओट्यापाशी कळायचं, म्हणजे पुढचं फारसं काही ऐकीव नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्याकडे परदेशी मुलं यायला लागली. कॉलेज जगाच्या नकाशावर जाणार म्हणून प्रिन्सिपॉलसाहेब हरखून गेले होते. मुलांचा मान राखायचा म्हणून त्यांनी हॉस्टेलचा एक कोपरा वेगळा काढून तिथे ‘परदेशी पाहुणे’ अशी पाटी लावली, मेसमध्ये टेबल वेगळं ठेवलं, त्यावर फुलदाणीही ठेवली. मान इतका झाला की त्या टेबलाजवळ दुसरं कोणी फिरकेना. केनिया, सुदान, मॉरिशसची ती मुलं फुलदाणीकडे बघत आमटीभात गिळायची.

एके दिवशी सरांनी पेचकस आणला, त्या कोपऱ्यावरची पाटी काढून प्रिन्सिपॉलांच्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे सांगितलं, ‘‘पाहुणा दोन दिवसांचा असतो. चार वर्षं राहतो त्याला पाहुणा म्हणत नाहीत.’’ आम्ही ऑफिसातले सगळे तोंडात बोट घालून उभे. साहेबांसमोर कोणी आवाज चढवत नसे, आणि इथे तर आवाज न चढवताच पाटी उतरली होती. त्या महिन्यातच परदेशी मुलांची सगळी जबाबदारी सरांच्या गळ्यात पडली. शिक्षा म्हणून दिली होती. यांनी ती दसऱ्याचं सोनं घ्यावं तशी घेतली.

डॅनियल त्यांच्यातलाच एक, केनियातल्या किसुमूचा. उंच, हसरा, आणि गुजराती असं बोलायचा की रिक्षावाले वळून बघता बघता फुटपाथला लागायचे. किसुमूत त्यांच्या गल्लीत गुजराती दुकानं होती, तिथे शिकला होता. त्याला वाटलं होतं, भाषा येते म्हणजे घरं उघडतील. भाषेचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण ते दारात उभं राहून.

दुसऱ्या वर्षी त्याला हिवतापानं धरलं. सरांनी त्याला हॉस्टेलमधून उचलून घरी आणलं. वहिनींनी आधी नाक मुरडलं, मग पेज केली, मग दृष्ट काढली. बरा झाल्यावर तो त्यांच्या ज्वारीच्या भाकरीवर आडवा हात मारायला लागला. सरांची दोन मुलं त्याच्या पाठीवर लोंबकळायची. वहिनी त्याच्यावर ओरडायला लागल्या तेव्हा मी ओळखलं, हा आता राहिला.

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशात श्रावणात कानबाई बसते. त्याआधी गहू दळायला घेतात, ते घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ, असे. कुळातली जेवढी जिवंत नावं, तेवढ्या मुठी. त्या पिठाचे रोट होतात, म्हणजे पुरणाच्या पोळ्या, आणि ते फक्त भाऊबंदकीनं खायचे. परक्याच्या तोंडी लागू द्यायचे नाहीत, उंबरठ्याबाहेर न्यायचेही नाहीत. लेक लग्न होऊन गेली की तिलासुद्धा मिळत नाहीत.

लिंबायतला सरांचे थोरले चुलतभाऊ, आबा, यांच्याकडे कानबाई असे. वहिनींनी त्या वर्षी मलाही गहू निवडायला नेलं होतं. आबा एकेक नाव घेत होते, त्यांची बायको मूठ टाकत होती. सरांचं नाव झालं, दोन्ही मुलांची झाली, आणि आबा पुढच्या घराकडे वळणार तेवढ्यात सर म्हणाले, ‘‘डॅनियल.’’

बाईंचा हात सवयीनं सुपात गेला आणि मूठ पडली. पडल्यावर कळलं. खोलीतल्या सगळ्या बायका आबांकडे बघायला लागल्या. मला वाटत होतं, सरांना आपल्या माणसांची रीत माझ्याहून जास्त कळते. मग हे काय केलं त्यांनी?

‘‘हाऊ कोना घरना?’’ आबांनी विचारलं.

‘‘मना घरना,’’ सर म्हणाले.

कुळाच्या गव्हात हात घालून मूठ परत काढत नाहीत. आबांनी ढिगाकडे पाहिलं. म्हणाले, ‘‘आते पडनी ती पडनी.’’ सणाच्या दिवशी डॅनियल पंगतीत बसला, रोट खाल्ला, सगळ्यांच्या पाया पडला. यातलं काहीही त्याला माहीत नव्हतं. येताना बसमध्ये सर गुणगुणत होते, आणि वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेग आला.

ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. तोंडाला फडकी बांधून माणसं स्टेशनाकडे पळत होती. माग बंद, दुकानं बंद, लिंबायत ओस. आम्हीही साताऱ्याला पळालो. सरांनी वहिनींना आणि मुलांना आबांच्या कुटुंबाबरोबर धुळ्याला पाठवलं आणि स्वतः हॉस्टेलवर राहिले. परदेशी मुलांना पळायला गाव कुठे होतं? मेसचा आचारी गेला होता, म्हणून सर खिचडी लावायचे आणि डॅनियल वाढायचा, असं नंतर कळलं. त्या मुलांपैकी कोणाला साधी शिंकही आली नाही.

आबांचा मधला मुलगा मात्र गेला. धुळ्याला पोचल्यावर ताप चढला आणि तो उतरलाच नाही. लग्नाचा मुलगा. प्लेग होता की दुसरं काही, कोणी सांगू शकलं नाही, पण भाऊबंदकीला डॉक्टर नकोच होता. त्यांना कारण ठाऊक होतं. परक्याने रोट खाल्ला, कानबाई कोपली.

सर तेराव्याला जाऊन आले. परतल्यावर मी भेटायला गेले. ते मला म्हणाले, ‘‘मी मानत नाही असलं काही. पण आबा माझ्याकडे बघतात तेव्हा मला उत्तर येत नाही.’’ डॅनियलला त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नाही, आणि सांगू नको म्हणून मलाही बजावलं.

पुढच्या श्रावणात गहू घ्यायच्या दिवशी सर गेलेच. मी आणि वहिनी बरोबर होतो. आबा खूप वाळले होते. ते एकेक नाव घेऊ लागले, बाई मूठ टाकू लागल्या. स्वतःच्या मुलांत मधल्याचं नाव आलं नाही. तिथे बाईंचा हात थांबला, पदर डोळ्यांना लागला. मेलेल्याच्या नावाची मूठ घेत नाहीत. मग सरांच्या घराची पाळी आली. आबांनी थोरल्या मुलाचं नाव घेतलं, धाकट्याचं घेतलं आणि पुढच्या घराकडे वळले.

मला आधी वाटलं, सरांचं नाव चुकून राहिलं. मग आबांचा चेहरा पाहिला आणि कळलं. समोर बसलेला, धडधाकट, हाताने गहू पाखडणारा माणूस त्यांनी कुळातून वजा केला होता. कोणी शिवी दिली नाही, कोणी भांडलं नाही.

सरांनी सूप खाली ठेवलं आणि मुलांपुरतंच विचारलं, ‘‘पोरेसन्या मुठी लिध्यात ना?’’

‘‘लिध्यात,’’ आबा म्हणाले.

सणाच्या दिवशीही सर गेले. मला वाटलं होतं, जाणार नाहीत. कानबाईपुढे डोकं टेकलं, सजावटीला हात लावला. पंगत बसायची वेळ झाली तेव्हा मी परकी म्हणून बाहेरच्या पायरीवर येऊन बसले. थोड्या वेळानं सर आले आणि माझ्या शेजारी बसले. मॉरिशसहून येणाऱ्या नव्या मुलांना खोल्या कुठल्या द्यायच्या, ते विचारू लागले. मी काय उत्तरं दिली देव जाणे. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. पदराखाली काहीतरी झाकलेलं होतं. त्या उंबरठ्यापाशीच थांबल्या, डोळ्यांत पाणी. सरांनी पदराकडे पाहिलं आणि ओळखलं.

‘‘रोट उंबराबाहेर आनू नही,’’ ते हळूच म्हणाले आणि आतल्या पंगतीकडे हात केला. ‘‘मझार जाय, जेवी ले.’’