मावशी म्हणणारा भाडेकरू

त्या बाई हैदराबादच्या आमच्या पोलीस ठाण्यात आल्या तो दिवस अजून मनातून जात नाही. नोकरीचं माझं शेवटचं वर्ष होतं. सब-इन्स्पेक्टरने त्यांना दोनदा खुर्ची दिली, तक्रार विचारली. पण बाई तोंड उघडेनात. माझ्या दारावरच्या पाटीवर त्यांनी मराठी आडनाव वाचलं होतं आणि सांगायचं ते मलाच, असं ठरवून त्या बसून राहिल्या होत्या. मी फेरीवरून परत येईपर्यंत त्यांचा चहा गार झाला होता.

बाई बरकतपुऱ्यात राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान वारलेले, मूलबाळ नाही. निवृत्तीच्या वेळी हाती आलेलं सगळं घालून त्यांनी अंबरपेठेत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. म्हातारपणी भाड्यावर भागेल, एवढाच हिशेब. सहा-सात महिने भाडं वेळेवर आलं, मग थांबलं. भाडेकरू फोन उचलेना म्हणून बाई फ्लॅटवर गेल्या, तर दार भलत्याच बाईने उघडलं आणि उलट यांनाच विचारलं की आपण कोण.

आत एक तेलुगू कुटुंब राहत होतं. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर, बायको, दोन लहान मुली. त्यांनी घर लीजवर घेतलं होतं. आमच्याकडे लीज म्हणजे मालकाला एकदाच मोठी रक्कम द्यायची, दरमहा भाडं नाही, आणि घर सोडताना ती रक्कम परत घ्यायची. ड्रायव्हरच्या बायकोने अंगावरचं सोनं मोडून ही रक्कम उभी केली होती. ती दिली होती आमच्या बाईंच्या ‘भाच्याला’.

भाचा कसला, तोच भाडेकरू. स्वतः दुसरीकडे राहायला गेला, दार उघडायला हे कुटुंब ठेवलं आणि सुरुवातीचे काही महिने बाईंचं भाडं या कुटुंबाच्याच पैशांतून भरत राहिला.

मी बाईंना विचारलं, करारनामा कुठाय? नव्हता. पोलीस व्हेरिफिकेशन? नाही. आधीच्या घरमालकाचा फोन? तोही नाही. मात्र त्याने गॅस कनेक्शनसाठी मागितले म्हणून बाईंनी खरेदीखताची झेरॉक्स, करंट म्हणजे विजेचं बिल आणि आपलं आधार मोठ्या विश्वासाने दिलं होतं. त्याच कागदांवर तो भाचा झाला होता.

"असं काय पाहिलंत त्याच्यात?" मी विचारलं.

"मराठी बोलला हो," बाई म्हणाल्या. "नांदेडकडचा आहे म्हणाला. मावशी म्हणून पाया पडला. आपल्या माणसाला कागद काय मागायचे?"

त्याच्या आधी दोन तेलुगू कुटुंबं घर बघून गेली होती. एक तर बँकेत नोकरीला. त्यांना बाईंनी नकार दिला होता. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींचं हे जुनं दुखणं आहे. बाजारात दख्खनी बोलू, शेजाऱ्याशी तेलुगू बोलू. पण कुणी शुद्ध मराठीत ‘नमस्कार’ म्हटलं की तिजोरीची किल्लीसुद्धा पुढे करू. चोराला हे आमच्याआधी कळलेलं असतं.

फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं. बाईंचं एकच म्हणणं, यांना आजच्या आज बाहेर काढा. ड्रायव्हरची बायको पदर तोंडाला लावून बसली होती. ती एवढंच म्हणाली, "साब, हम पूरा दे दिये. अब बच्चियों को लेके किधर जाना?" मी बाईंना समजावलं की घर खाली करून घेणं कोर्टाचं काम, पोलिसांचं नाही. आणि ही माणसं चोर नाहीत, तुमच्यासारखीच फसलेली आहेत. बाईंना ते अजिबात आवडलं नाही. तडक उठून गेल्या.

आरोपीचा फोन बंद, पत्ता खोटा. महिनाभर काही हाती लागेना. संक्रांत आली. आमच्याकडच्या मराठी बायका आता हळदीकुंकवाला विधवांनाही बोलावतात. बाई चौकशीला आल्या तेव्हा मी सहज विचारलं, हळदीकुंकवाला कुठं कुठं जाऊन आलात? कुठंच नाही म्हणाल्या. इतकी वर्षं मुलांना शहाणपण शिकवलं आणि स्वतः अशी फसले, बायका हसतील.

"हसू द्या," मी म्हणालो. "हसणाऱ्यांतल्या एखादीच्या गेटला टु-लेटची पाटी असेल."

दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन. हळदीकुंकवात त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. कुणी हसलं नाही. उलट एक मैत्रीण वाणाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या घरचा वरचा पोर्शन बघायला एक मराठी मुलगा येऊन गेला होता. फार गोड बोलतो, मावशी म्हणतो, आणि रविवारी पुन्हा येणार होता.

रविवारी आम्ही साध्या कपड्यांत तिच्या स्वयंपाकघरात बसलो. बाईही हट्टाने आल्या. तो पेढे घेऊन आला, मैत्रिणीच्या पायाशी वाकला, तोच बाई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या पाया पडायचं राहिलं का रे?"

पेढ्यांचा पुडा हातात असतानाच आम्ही त्याला धरलं.

चौकशीत मात्र गडी पक्का निघाला. म्हणाला, बाईंना सगळं ठाऊक होतं. कुटुंब राहायला आलं त्या दिवशी त्या स्वतः हजर होत्या, रोकड त्यांनीच मोजून घेतली आणि आता टॅक्स चुकवायला मला अडकवताहेत. बाईंकडे करारच नाही, तेव्हा शब्दाविरुद्ध शब्द. बाई त्या दिवशी नव्हत्याच, असं कुटुंब सांगे, तर तेही बाईंना सामील आहेत, म्हणे. कुटुंबाकडच्या लीजच्या कागदावर बाईंची म्हणून जी सही होती, तिच्यावरचा तज्ज्ञांचा अहवाल यायला वेळ होता. आणि आवाज न चढवता बोलणाऱ्या आरोपीपुढे कधी कधी खरं बोलणाराच खोटा दिसायला लागतो. बाईंच्या बाबतीत तेच होत होतं.

माझं सगळं आयुष्य तेलुगू शेजारात गेलं. घर भाड्याचं असो की मालकीचं, नव्या घरात आधी दूध उतू जाऊ द्यायचं, मग सामान लावायचं, हा रिवाज मी लहानपणापासून पाहत आलोय. आणि आजकाल असं काही मोबाईलवर घेतल्याशिवाय होत नाही. मी ड्रायव्हरच्या बायकोला बोलावून विचारलं, दूध उतू जाऊ दिलं तेव्हा व्हिडिओ काढला होता का? तिचा तो फोन बिघडला होता. पण गावाकडे आईला पाठवलेला आईकडे शिल्लक होता.

मी आरोपीला पुन्हा समोर बसवलं. बाई त्या दिवशी हजर होत्या, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग व्हिडिओ लावला. भगोण्यात दूध वर येतंय, शेजारी हा उभा, हातात किल्ली. ड्रायव्हरची बायको मालकीणबाईंबद्दल विचारते, ओनरम्मा नहीं आये? आणि हा हसत सांगतो, "मौसी पुणे में है, घुटने का ऑपरेशन हुआ. उनकी जगह मैं हूँ ना."

त्याने पाणी मागितलं. पुढचं सगळं सरळ झालं. रक्कम बरीचशी मिळाली, सगळी नाही. खटला अजून चालू आहे.

निवृत्तीनंतर ओळखीचे लोक विचारतात, फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा का? मी म्हणतो, जरूर द्या, पण हातचं सगळं एकाच घरात घालू नका. भाडेकरू निवडताना त्याची भाषा ऐकू नका, आधीच्या घरमालकाला फोन करा. झेरॉक्स देताना ती कशासाठी दिली ते तिच्यावर आडवं लिहा. आणि अधूनमधून स्वतः जाऊन दार वाजवा. त्यात भीड कसली? माणूस परका आहे म्हणून फसत नाही कुणी. आपला वाटला की आपण डोळे मिटतो, तिथं फसतो.

बाईंनी त्या कुटुंबाला काढलं नाही. कोर्टात जायची तयारी होती, पण एकदा त्या घरी गेल्या तेव्हा धाकटी मुलगी त्यांच्यापुढे पाढे म्हणत बसली, असं त्या मला जरा ओशाळून सांगत होत्या. जेवढी रक्कम परत मिळाली ती कुटुंबाला दिली आणि रीतसर अकरा महिन्यांचा भाडेकरार केला. तेव्हा मी निवृत्त झालो होतो, मला साक्षीदार म्हणून बोलावलं. ड्रायव्हरच्या बायकोने पुन्हा दूध ठेवलं होतं. या वेळी ओनरम्मा हजर होत्या, दूधही त्यांनीच आणलं होतं.

मी सही करायला पेन काढलं, तर बाईंनी हात आडवा धरला.

"साहेब, तुमच्या आधारची झेरॉक्स?"

"अहो, मला ओळखता ना तुम्ही?"

"तोही ओळखीचाच होता," बाई म्हणाल्या.

मी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली आणि तिच्यावर आडवं लिहून दिलं: फक्त या करारासाठी.