मंगळवारी गैरहजर

रुग्णालयात सगळे तिला सुईताई म्हणत. सोळा वर्षं ती रक्ताचे नमुने घेत होती. म्हाताऱ्यांच्या शिरा बोटाखालून निसटायच्या, तान्ह्यांच्या तर दिसायच्याही नाहीत. ताई दोन बोटं टेकवायची, डोळे मिटायची आणि एका टोचणीत काम फत्ते. डॉक्टरांनी हात टेकले की हाक यायची, "सुईताईंना बोलवा!"

अशा बाईच्या गुणपत्रिकेवर एकाच विषयापुढे तीनदा 'नापास' छापलं होतं. विषय: रक्तनमुना घेणे, प्रात्यक्षिक.

"आई, मी गणितात काठावर पास झाले तेव्हा केवढा थयथयाट केला होतास!" लेक खिदळली.

"हस, हस. मला नवं कॉलेज मिळू दे, मग बघते तुझ्याकडे."

पदवीशिवाय बढती नाही असं ठरलं, तेव्हा ताईने चाळिशीत कॉलेजात नाव घातलं. तासांसाठी ती ड्यूटी बदलून घ्यायची. फक्त मंगळवारी सकाळी तिला सुट्टी मिळत नसे, कारण त्या दिवशी तिच्याच कॉलेजची मुलं प्रात्यक्षिकाला रुग्णालयात यायची आणि त्यांना शिकवायला ताईच लागायची. या विषयाचे सर मात्र हजेरी घ्यायचे कॉलेजच्या फाटकात, बस सुटण्याआधी. ताई फाटकात नाही, म्हणजे गैरहजर. हजेरी कमी, म्हणजे परीक्षेला बंदी. बंदी म्हणजे नापास. असं तीन सत्रं चाललं.

आता तिला संध्याकाळच्या कॉलेजात जायचं होतं. त्यांनी जुने पास झालेले विषय धरले, तर वर्षभरात पदवी. नाहीतर पुन्हा श्रीगणेशा.

तिथल्या खिडकीतल्या कारकुनाने अर्ज परत सरकवला. "एकाच विषयात दोनपेक्षा जास्त वेळा नापास. चालत नाही."

"अहो, मला परीक्षेला बसूच दिलं नाही!"

"कागदावर तसं नाही. कागदावर नापास आहे." मग त्याने आवाज मऊ केला. "खरं सांगू? तीन-तीनदा गटांगळ्या खाल्ल्यात, म्हणजे हा विषय तुमचा नव्हेच. दुसरं काहीतरी बघा."

ताईची कानशिलं तापली. त्याच्या दुमडलेल्या बाहीखालची जाडजूड निळी शीर तिला काचेपलीकडून दिसत होती. ही तर माझी लेकसुद्धा शोधेल!

"जुन्या कॉलेजचं पत्र आणलंत, तर समितीपुढे ठेवू," तो म्हणाला.

सरांकडे ती दोनदा गेली. दोन्ही वेळा एकच उत्तर. "ताई, तुम्ही ड्यूटीवर होतात, वर्गात नव्हतात. नियम म्हणजे नियम."

मंगळवार उजाडला. सरांबरोबर वीस मुलं आली, ताईने नेहमीसारखं शिकवलं. "अगं, सुई भाल्यासारखी धरू नकोस, माणूस आहे तो!" शेवटी वीस वह्या टेबलावर आल्या. प्रत्येक वहीत शिकवणाऱ्याची सही लागायची, नाहीतर मुलाचं प्रात्यक्षिक बाद.

ताईने पेनाला टोपण लावलं.

"काय झालं?" सर म्हणाले.

"मी कशी सही करू, सर? या विषयात मी तीनदा नापास आहे."

"अहो ताई, थट्टा पुरे. परवा वह्या जमा करायच्यात."

"थट्टा माझी चाललीय! मागच्या वर्षाच्या वह्या काढा. ज्या ज्या मंगळवारी मी गैरहजर, त्या त्या मंगळवारी माझी सही. मी इथे नव्हते, तर सह्या काय भुताने केल्या?"

मुलं खाली बघू लागली. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आम्हाला ताईंनीच शिकवलंय."

सरांनी कपाळ पुसलं. "गुणपत्रिका बदलणं माझ्या हातात नाही."

"पत्र लिहिणं आहे ना?"

त्यांनी तिथेच, नमुन्यांच्या ट्रेशेजारी, कागद ओढला. ताई खांद्यावरून वाचत होती.

"'हजर होत्या' खोडा," ती म्हणाली. "'शिकवत होत्या' लिहा."

सरांनी खोडलं, लिहिलं, खाली सही केली. ताईने पत्र घडी घालून खिशात ठेवलं, मगच पेनाचं टोपण काढलं.

पंधरा दिवसांनी कारकुनाने तिच्या अर्जावर शिक्का मारला. "नशीबवान आहात. विशेष बाब म्हणून घेतलंय. तेवढा एक विषय पुन्हा द्यावा लागेल."

"चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा."

"आणि हे तीन नापास?"

"ते राहणार. ते कसे जातील?"

ताईने शिक्क्याचा कागद उचलला. "मग निदान त्यांच्याशेजारी ते पत्र टाचा," ती म्हणाली, आणि टाचणी लागेपर्यंत खिडकीपासून हलली नाही.